तुळशीवृंदावनाची सावली आणि समुद्रावर जळून गेलेला अग्निगोल

खळ्यातून (देवगड)

नमस्कार. मार्गशीर्ष लागून तीन दिवस झाले होते. पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी मी पडवीत बसलो होतो. आमचे घर समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि समोर दिवाळीनंतर नव्याने चोपून सारवलेले खळे, म्हणजे अंगण, आहे. चंद्र नव्हता आणि वाडीतली वीज गेलेली होती, त्यामुळे तुळशीवृंदावनसुद्धा काळ्या ठोकळ्यासारखे दिसत होते. एकाएकी सारे खळे उजळले आणि वृंदावनाची ठळक सावली जमिनीवर उमटली. पडवीच्या छपरामुळे उजेड कशाचा आहे ते मला दिसत नव्हते; दिसत होती ती फक्त सावली, आणि ती माझ्या डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे झपाट्याने फिरत होती. मी वाकून बाहेर पाहिले तेव्हा नैर्ऋत्येच्या बाजूला हिरवट पांढरा गोळा शेवटचा भडकला, त्याच्यामागून दोन-तीन नारिंगी ठिणग्या ओघळल्या आणि पुन्हा अंधार झाला. हे सगळे चार-पाच सेकंदांत संपले.

सारवणाचा एक पोपडा खळ्यात सुटलेला होता आणि सावलीचे टोक नेमके त्या पोपड्यावर विझले, एवढे माझ्या पक्के लक्षात राहिले. म्हणून उजाडायच्या आत बॅटरी घेऊन मी तिथे एक खडा ठेवला. सकाळी टेपने मोजले. वृंदावनाचा काठ जमिनीपासून 1 मीटर 20 सेंटिमीटर उंच आहे आणि काठाच्या बरोबर खालपासून खड्यापर्यंतचे अंतर 3 मीटर 30 सेंटिमीटर भरले. होकायंत्र लावून पाहिले तर खड्याची दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे वीस अंश येते.

एवढ्या माहितीतून त्या पिंडाविषयी काही काढता येईल का, हे जाणकारांनी सांगावे. किनाऱ्यावर दुसऱ्या कोणी हे पाहिले असेल तर त्यांनीही कृपया लिहावे.

भौतिकी_गुहागर

आपण खडा ठेवलात हे फार चांगले केलेत. अशा वेळी बहुतेक लोक ‘खूप मोठा होता’, ‘अगदी डोक्यावरून गेला’, ‘पलीकडच्या डोंगरामागे पडला’ असे सांगतात आणि त्यातले एकही वाक्य गणितात बसवता येत नाही. आपली सावली मात्र बसते. उंची 1.2 आणि लांबी 3.3, म्हणजे प्रकाशाचा स्रोत क्षितिजापासून सुमारे 20 अंश वर होता. सावली नेहमी उलट बाजूला पडते, म्हणून तो पश्चिमेपासून दक्षिणेकडे 20 अंशांवर विझला. सावली दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकली, याचा अर्थ गोळा उत्तरेकडून दक्षिणेकडे जात होता.

सावलीवरून मार्ग काढणे ही काही घरगुती युक्ती नव्हे. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे वीस मीटर व्यासाचा लघुग्रह फुटला, तेव्हा चौकातल्या दिव्यांच्या खांबांच्या सावल्या कॅमेऱ्यांत टिपल्या गेल्या होत्या आणि त्या फिरत्या सावल्यांवरूनही त्याचा मार्ग काढला गेला. 2018 साली बोट्स्वानावर जळालेल्या लहान लघुग्रहाच्या बाबतीतही सुरक्षेसाठी बसवलेल्या कॅमेऱ्यांतील चित्रणाचा उपयोग झाला आणि त्याचे तुकडे मध्य कालाहारीच्या अभयारण्यात सापडले.

परंतु एका जागेवरून केवळ दिशा कळते, अंतर कळत नाही. तो 40 किलोमीटर उंचीवर विझला असे धरले तर तो आपल्यापासून 110 किलोमीटर दूर होता. 25 किलोमीटर धरले तर सत्तरच्या आतबाहेर. यातले खरे कोणते ते ठरवायला दुसरा निरीक्षक हवा, आणि तोही आपल्यापासून निदान चाळीस-पन्नास किलोमीटर लांबचा हवा. समुद्रात होडीवर असणाऱ्या कोणी पाहिले असेल तर फारच उत्तम.

तांडेल_वेंगुर्ले

मी पाहिले आहे. आमचा ट्रॉलर त्या पहाटे वेंगुर्ल्याच्या पश्चिमेला साधारण पंचवीस किलोमीटरवर होता. जीपीएसवरची जागा मी रोज वहीत लिहून ठेवतो आणि त्या दिवशीची नोंदही वहीत आहे. पाच वाजून बारा मिनिटे हीच वेळ आहे. जाळे ओढायचे काम चालले होते. आमच्यातला सर्वांत तरुण खलाशी ओरडला, “दर्याचो रंगच हिरवो झालो!” मी वर पाहिले तेव्हा गोळा उजवीकडून डावीकडे उतरत होता. ट्रॉलर त्या वेळी बरोबर पश्चिमेला तोंड करून होता, हे होकायंत्रावर दिसत होते. गोळा विझला तो नाळेच्या, म्हणजे ट्रॉलरच्या पुढच्या टोकाच्या, किंचित उजव्या बाजूला, हात लांब करून एक मूठ धरली तर त्या मुठीएवढ्या अंतरावर. क्षितिजापासून वर दोन मुठी होता. इंजिन चालू असल्यामुळे आवाज आला की नाही ते मी सांगू शकत नाही.

भौतिकी_गुहागर

दादा, आपली वही म्हणजे या धाग्याला मिळालेले धन आहे. हात पूर्ण लांब केला असता आपली मूठ सुमारे 10 अंश व्यापते. म्हणजे आपल्याकडून दिशा पश्चिमेच्या उत्तरेला 10 अंश आणि उंची 20 अंश. देवगडहून आपली जागा जवळजवळ सरळ दक्षिणेला 57 किलोमीटरवर येते. मी आलेखाच्या कागदावर दोन्ही रेषा ओढल्या. त्या देवगडपासून सुमारे 111 किलोमीटरवर, भर समुद्रात एकमेकींना छेदतात आणि तिथली उंची दोन्ही निरीक्षणांतून सुमारे 40 किलोमीटर येते. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांनी, एकाने खळ्यातल्या खड्यावरून आणि दुसऱ्याने मुठीवरून मोजलेली उंची जुळली, याचा मला मनापासून आनंद झाला.

यातली चूक किती असू शकते तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. तांडेलदादांची दिशा केवळ 5 अंशांनी चुकली असेल, म्हणजे 10 ऐवजी 5 अंश असेल, तर छेदनबिंदू 111 वरून 134 किलोमीटरवर सरकतो आणि उंची 49 किलोमीटर होते. मुठीने मोजताना पाच अंशांची चूक सहज होते. म्हणून ‘चाळीस ते पन्नास किलोमीटर उंचीवर, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत’ यापलीकडे मी आज जाणार नाही.

आणखी एक. ‘लघुग्रह’ हा शब्द साधारण एक मीटरपेक्षा मोठ्या पिंडासाठी वापरतात. आपला पिंड तेवढा होता की वीतभरच होता, हे या दोन निरीक्षणांतून ठरत नाही. वीतभर दगडसुद्धा पुरेशा वेगाने आला तर सावली पाडू शकतो.

अवकाशवाचक_अलिबाग

गणित वाचून समाधान वाटले. अशा लहान पिंडांचा अभ्यास नेमका कसा होतो, हे सुदानच्या प्रकरणाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहितो.

6 ऑक्टोबर 2008 रोजी अमेरिकेतील ॲरिझोनाच्या माउंट लेमन येथील दीड मीटरच्या दुर्बिणीतून रिचर्ड कोवाल्स्की यांना एक अंधुक ठिपका दिसला. त्याला 2008 टीसी3 हे नाव मिळाले. काही तासांतच कळून चुकले की तो वीस तासांच्या आत पृथ्वीवर येऊन आदळणार आहे आणि तोही सुदानच्या नूबियन वाळवंटावर. आदळण्यापूर्वी अवकाशात सापडलेला हा पहिलाच लघुग्रह होता. चार मीटर व्यासाचा आणि सुमारे 80 टन वजनाचा हा पिंड 7 ऑक्टोबरच्या पहाटे सेकंदाला 12 किलोमीटरहून अधिक वेगाने वातावरणात शिरला आणि 37 किलोमीटर उंचीवर फुटला. मिटिओसॅट-8 या हवामान उपग्रहाने तो झोत टिपला, केनियातील यंत्राने त्याच्या अवश्राव्य, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीलहरी नोंदवल्या आणि सुमारे 1400 किलोमीटर दूर असलेल्या एका विमानाच्या वैमानिकालाही क्षितिजावर चमक दिसली.

सर्वांचा समज असा होता की एवढ्या उंचीवर फुटलेल्या पिंडाचे जमिनीवर काही उरणार नाही. तरीही डिसेंबर 2008 मध्ये पीटर जेनिस्केन्स आणि खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद हे पंचेचाळीस विद्यार्थी आणि कर्मचारी घेऊन वाळवंटात गेले. त्यांनी आधी रेल्वेच्या सहा क्रमांकाच्या स्थानकावरच्या आणि आसपासच्या लोकांना भेटून त्यांनी काय पाहिले ते विचारून घेतले आणि मग सगळे एका ओळीत उभे राहून वाळूवरून चालत गेले. पुढच्या मोहिमांसह सुमारे 600 तुकडे मिळाले. सगळ्यांचे मिळून वजन साडेदहा किलोच्या आसपास. 80 टनांतले साडेदहा किलो! त्या स्थानकावरून या अशनींना, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांना, ‘अल्माहाता सित्ता’, म्हणजे ‘स्थानक सहा’ असे नाव पडले.

हे प्रकरण मोलाचे कशामुळे ठरले? अवकाशात असताना त्या पिंडावरून परावर्तित झालेला प्रकाश मोजलेला होता, त्याची कक्षा माहीत होती, जळताना तो कुठे फुटला ते माहीत होते आणि शेवटी त्याचे दगड हातात आले. या चारही गोष्टी एकाच पिंडाविषयी प्रथमच मिळाल्या. त्यानंतर अशी मोजकीच प्रकरणे घडली आहेत; फेब्रुवारी 2023 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीवर आलेला 2023 सीएक्स1 आणि जानेवारी 2024 मध्ये बर्लिनजवळ आलेला 2024 बीएक्स1 ही त्यांतली दोन. हे दोन्ही पिंड क्रिस्टियान सारनेत्स्की यांनी हंगेरीतून, आदळण्याच्या काही तास आधी शोधले होते.

सागरवेळा (मालवण)

एक प्राथमिक प्रश्न विचारते. शाळेत आम्हाला हवेशी घर्षण होऊन उल्का जळते असे शिकवले. घर्षणाने इतकी उष्णता होते का? आणि दगडासारखा दगड हवेत फुटतो कसा?

भौतिकी_गुहागर

ताई, प्रश्न प्राथमिक असला तरी मर्मावर बोट ठेवणारा आहे. घर्षणाचा वाटा त्यात लहान असतो. पिंड ध्वनीच्या निदान तीस-चाळीस पट वेगाने येतो, त्यामुळे समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही; ती पिंडाच्या पुढ्यात चेपली जाते, चेपल्यामुळे हजारो अंश तापते आणि स्वतःच प्रकाशू लागते. सायकलच्या पंपाचे तोंड दाबून दट्ट्या मारला की पंप गरम होतो, तीच ही क्रिया. या तापलेल्या हवेमुळे दगडाचा पृष्ठभाग वितळून, वाफ होऊन मागे उडत राहतो. म्हणूनच दगड आतून थंड राहतो आणि त्याच्यावर मिलिमीटरभराहूनही पातळ काळी साय येते.

आता फुटण्याविषयी. पुढच्या बाजूला पडणारा दाब म्हणजे हवेची घनता गुणिले वेगाचा वर्ग. 37 किलोमीटर उंचीवर हवा जमिनीवरच्या हवेच्या तुलनेत जवळजवळ दोनशे पट विरळ असते, पण वेगाचा वर्ग इतका प्रचंड असतो की सुदानच्या पिंडावर तिथे आठ-नऊ वातावरणांएवढा दाब आला. आपल्या भाषेत सांगायचे तर समुद्रात सुमारे 80-90 मीटर खोल पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढा, आणि तोही एकाच अंगावर. तो पिंड सच्छिद्र, ठिसूळ होता. त्याला तेवढे सहन झाले नाही. नॉर्मंडीचा पिंड आकाराने मीटरभरही नव्हता, परंतु तो 28 किलोमीटरपर्यंत खाली टिकला आणि 40 वातावरणांच्या आसपास दाब आल्यावर एकदमच फुटला. त्याच्या गतिज ऊर्जेचा जवळजवळ सगळा भाग त्या एका क्षणात बाहेर पडला. कोणता पिंड किती उंचीवर फुटतो यावरून तो किती घट्ट आहे हे कळते आणि उद्या याच जातीचा पन्नास मीटरचा पिंड आला तर जमिनीला काय सोसावे लागेल याचा अंदाज बांधता येतो. चेल्याबिन्स्कला सुमारे दीड हजार माणसे जखमी झाली, ती मुख्यतः फुटलेल्या खिडक्यांच्या काचांनी. उजेड पाहायला लोक खिडकीशी गेले आणि धक्क्याची लाट मिनिट-दोन मिनिटांनी आली.

तांडेलदादांच्या खलाशाने सांगितलेला हिरवा रंग बहुधा मॅग्नेशियमचा असावा, कारण त्याच्या वर्णपटातली, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे केल्यावर दिसणारी, ठळक रेषा हिरव्या भागात असते. सोडियम पिवळा दिसतो. पण डोळ्यांनी पाहिलेल्या रंगावरून दगडाची जात सांगण्याचे धाडस करू नये. त्यासाठी वर्णपटाचा कॅमेरा लागतो आणि तापलेली हवाही आपले रंग त्यात मिसळते.

प्रवासी_रोहा

हा उपग्रहाचा किंवा रॉकेटचा जळणारा भाग नव्हता हे कशावरून? गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, 2 एप्रिल 2022 रोजी, महाराष्ट्रात अनेक ठिकाणांहून असेच काही दिसले होते आणि नंतर चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूची मोठी कडी सापडली होती.

अवकाशवाचक_अलिबाग

शंका रास्त आहे. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचे निष्पन्न झाले होते. फरक वेगात असतो. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला आठ किलोमीटरपेक्षा कमी वेगाने, अगदी तिरक्या मार्गाने उतरते, त्यामुळे ती आकाश ओलांडायला बराच वेळ घेते आणि एकामागून एक जाणाऱ्या दिव्यांच्या रांगेसारखी दिसते. अवकाशातून येणाऱ्या पिंडाचा वेग किमान 11 किलोमीटर असतो आणि तो 72 पर्यंत जाऊ शकतो. चार-पाच सेकंदांत भडकून विझलेला एकच गोळा असेल तर पारडे दगडाकडे झुकते. पाडव्याच्या दिवशी ज्यांनी चित्रण केले, त्यांना मोबाइल काढून सुरू करायला वेळ मिळाला, हेच त्याच्या संथपणाचे प्रमाण आहे.

जांभा_राजापूर

या निमित्ताने एक विनंती करतो. असे काही दिसले की आठ-पंधरा दिवसांत आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, मुले काळे दगड गोळा करत फिरू लागतात. माझ्याकडेही असे सहा-सात दगड आणून दिलेले आहेत आणि त्यांतला एकही अशनी नाही. आपला जांभा लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला असतो, पावसापाण्याने त्याचा वरचा भाग काळा पडतो, तो वजनालाही जड लागतो आणि कधीकधी चुंबकाला हलकासा ओढतोही. त्यामुळे फसगत होते. दोन गोष्टी पाहाव्यात. जांभ्याला भोके असतात. अशनीला अशी भोके जवळजवळ कधीच नसतात. फरशीच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर दगड घासून पाहावा. जांभा तांबडी किंवा विटकरी रेघ सोडतो, ताजी अशनी सहसा रेघ सोडत नाही.

खरोखरच अशनी पडली तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या गुजरातमध्ये आहे. 17 ऑगस्ट 2022 रोजी, म्हणजे ऐन पावसाळ्यात, बनासकांठा जिल्ह्यातल्या दियोदर तालुक्यात दगड पडले. एक कडुनिंबाला लागून खाली आला, तर दुसऱ्याने शेजारच्या गावात ओसरीची फरशी फोडली. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेने अभ्यास करून तो ऑब्राइट या अत्यंत दुर्मीळ प्रकारचा दगड असल्याचे सांगितले. बर्लिनजवळ 2024 मध्ये पडलेले दगडही याच प्रकारचे निघाले. गावकऱ्यांनी तुकडे जपून ठेवले म्हणून हे कळले. आपल्याकडे सापडल्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे; दगड धुऊ नये, फोडू नये आणि त्याला हळदकुंकूही लावू नये, कारण त्याच्या रासायनिक तपासणीत बाहेरची प्रत्येक गोष्ट आड येते.

भौतिकी_गुहागर

जांभा यांचा सल्ला सर्वांनी लक्षात ठेवावा. आपल्या किनाऱ्याची खरी अडचण अशी की पश्चिमेला दिसलेला जवळजवळ प्रत्येक पिंड समुद्रात जातो आणि चार महिने आभाळ झाकलेले असते. दगड हाती लागणार नाही असे गृहीत धरूनच आपल्याला काम करावे लागेल. म्हणजे आपल्याजवळ उरतात ते उजेड, वेळ, दिशा आणि आवाज. आवाजाकडे आपले फार दुर्लक्ष होते. खळ्यातून यांच्यापासून तो पिंड तिरक्या रेषेत सुमारे 118 किलोमीटरवर विझला. ध्वनी सेकंदाला सरासरी 300 मीटर गेला असे धरले तर गडगडाट साडेसहा मिनिटांनी पोहोचायला हवा होता. आपण किती वेळ खळ्यात थांबला होतात?

हवामान खात्याच्या डॉप्लर रडारचाही उपयोग होऊ शकतो. अमेरिकेत एप्रिल 2012 मध्ये कॅलिफोर्नियातील सटर्स मिल येथे पडलेल्या अशनी अशाच रडारवर उमटलेल्या प्रतिध्वनीवरून शोधता आल्या. गोळा विझल्यानंतर उरलेले तुकडे अंधारातच काही मिनिटे खाली पडत राहतात, त्या वेळी ते रडारला दिसू शकतात. गोव्यात असे रडार आहे. त्या पहाटेची नोंद विचारायला हरकत नाही.

खळ्यातून (देवगड)

मी फार तर दोन मिनिटे थांबलो आणि घरातल्यांना उठवायला आत गेलो. आत गेल्यावर सगळ्यांचे बोलणे सुरू झाले. साडेसहाव्या मिनिटाला काही ऐकू आले असते तरी ते आमच्या गलक्यात विरून गेले असणार, याची मला आता चुटपुट लागली आहे.

काल पुन्हा मोजमाप केले. फोनचे होकायंत्र पडवीच्या लोखंडी खांबाजवळ धरल्यामुळे दिशा चुकली असेल अशी शंका आली, म्हणून या वेळी वृंदावनावरून ध्रुवतारा धरून दोरी ताणली. खड्याची दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे वीस नव्हे, तर अठरा अंश येते. भौतिकी यांनी दोन्ही रेषा पुन्हा ओढून पाहाव्यात.

भौतिकी_गुहागर

ओढल्या. अंतर 111 वरून 118 किलोमीटर झाले आणि उंची 43. मोठा फरक नाही, परंतु ध्रुवावरून मोजलेली दिशा मी अधिक विश्वासाची मानते, म्हणून यापुढे हाच आकडा धरू.

तांडेल_वेंगुर्ले

वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवला आहे. आमच्या बंदरावर त्या रात्री समुद्रात असलेले आणखी तीन ट्रॉलर आहेत. त्यांतला एक मालवणच्या उत्तरेला होता. उद्या ते सगळे बंदरात येतील, तेव्हा प्रत्येकाला मूठ धरून दिशा दाखवायला सांगतो आणि त्यांची जीपीएसची जागा इथे देतो. त्यांच्यापैकी कोणाचे इंजिन त्या वेळी बंद होते का, तेही विचारतो.